तनुजाच्या डिस्कवरची रिकामी जागा

मोशीत बोराट्यांच्या घरामागे ओळीने खोल्या आहेत. पूर्वी तिथे कांदा निघायचा, आता भाडेकरू राहतात. तनुजाची आई, शकू, त्यांना नावाने हाक मारत नाही. "तीन नंबर, पाणी आलंय." "पाच नंबर, तुझी गाडी काढ, वाटेत हाय." माणसं येतात, वर्षा-दोन वर्षांत कंपनी बदलतात आणि जातात. नावं लक्षात ठेवून करायचं काय, असं तिचं म्हणणं.

दोन नंबरातली हर्षाली मात्र पहिल्या महिन्यातच हर्षाली झाली. ती भूमकडची. आली तेव्हा तिच्याकडे एक बॅग आणि एक गादी होती. शकूने तिला विचारलं, "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "जेवले की." तिचा चेहरा बघून शकूने ताट वाढलं. त्यानंतर तो प्रश्न कधी विचारावा लागला नाही. ताट वाढलेलंच असायचं.

तनुजा आणि हर्षाली एकाच कंपनीत होत्या. चाकणला, निघोजेच्या रस्त्यावर. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक छोटा पिस्टन तिथे बनतो. तनुजा इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा. मेंटेनन्समध्ये ट्रेनी. हर्षाली कंत्राटदाराकडून आलेली, तपासणीच्या टेबलावर. सकाळी तनुजा स्कूटर काढायची, हर्षाली मागे बसायची, दोघींचे डबे मांडीवर. चाकणच्या चौकात ट्रक अडकलेले असायचे. तिथे त्यांच्या सगळ्या गप्पा व्हायच्या.

"पुढच्या वर्षी तू परमनंट झालीस की मोठी गाडी घे," हर्षाली म्हणायची. "माझे गुडघे दुखायलेत."

"तू चालायला लाग. गुडघे बरे होतील."

"तुझ्या आईचं जेवण खाऊन चालवतंय का?"

तपासणीच्या टेबलावर पांढऱ्या उजेडाखाली मुली बसायच्या. एकेक पिस्टन भिंगाखाली फिरवायचा. कडेला चरा दिसला तर लाल पेटीत, नाही तर हिरव्या पेटीत. दिवसभर तेच. हर्षालीचा हात यात बसलेला होता. ती तुकडा फिरवायची आणि अर्ध्यावरच तिचा हात लाल पेटीकडे वळायचा. बाकीच्या मुली अडल्या की तिच्याकडे सरकवायच्या.

मेंटेनन्सचे प्रमुख बबनराव. पन्नाशीचे, मूळ चाकणचेच. कोणाशीही घरच्यासारखं बोलायचे. मुलींना बाळा म्हणायचे. दुसऱ्या लाइनवरून उतरवलेला एक कॅमेरा त्यांच्या कपाटात पडून होता. त्याच्यासमोर पिस्टन ठेवला तर चरा आपोआप पकडता येईल का, अशी वरून विचारणा झाली होती. बाहेरचा माणूस दोनदा आला, चहा पिऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. तनुजा म्हणाली, मी करून बघते.

अडचण एकच होती. कॅमेऱ्याबरोबर चालणारी फुकटची साधनं लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर नीट चालत होती. तपासणीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर विंडोजचा होता, आणि रोजचे रिपोर्ट त्याच विंडोजवर निघायचे. दुसरा कॉम्प्युटर मिळणार नव्हता.

"मग दोन्ही ठेव," बबनराव म्हणाले. "चालू करताना विचारेल ना, कुठलं पाहिजे म्हणून? पण बाळा, विंडोजला धक्का लागता कामा नये. लागला तर मला घरी पाठवतील. आणि घरी मला कोणी घेत नाही."

सुट्टीच्या दिवशी तनुजा ते काम करायला गेली. सोबत म्हणून हर्षाली. पेनड्राइव्ह बबनरावांच्या ड्रॉवरमधला, कारण बाहेरचा पेनड्राइव्ह गेटवरच काढून घेतात. मोबाइलसुद्धा तिथेच ठेवावा लागतो.

तनुजाने विंडोजमधून डी ड्राइव्ह थोडा लहान करून जागा मोकळी केली. मग लिनक्स टाकायला घेतलं. पडद्यावर मोकळी जागा दिसली, पण तिच्यापुढे लिहिलेलं होतं की ही जागा वापरता येणार नाही. तनुजाने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"जागा हाय, पण देत न्हाई," हर्षालीने शकूच्या आवाजात म्हटलं. दोघी हसल्या.

तनुजाने विंडोजमध्ये परत जाऊन त्या जागेचा वेगळा तुकडा, म्हणजे नवं पार्टिशन, करून बघितलं. एक लांबलचक सूचना आली. खाली हो आणि नाही. तनुजाची सवय वाईट. अशा सूचना ती वाचत नसे. तिचं बोट हो वर गेलं आणि हर्षालीने तिचं मनगट धरलं.

"थांब. आधी वाच."

दोघींनी वाचलं. हर्षाली ओठ हलवून वाचायची. एकेक शब्द. मग गेटवर जाऊन, आपापले मोबाइल मागून, पहारेकऱ्याच्या खुर्चीशेजारी उभ्या राहून त्यांनी शोधलं. डिस्क जुन्या पद्धतीची होती. तिचे चारच मुख्य तुकडे पडतात. ते चारही आधीच पडलेले होते. विंडोजला पाचवा पाहिजे असेल तर ते अख्ख्या डिस्कची घडण बदलून टाकतं, आणि मग लिनक्सला त्यातलं काहीच धड दिसत नाही. हो दाबलं असतं तर दोन्हीकडून हात धुऊन बसावं लागलं असतं.

उपाय साधा होता. चारातला शेवटचा तुकडा कंपनीने कॉम्प्युटर विकत घेतला तेव्हापासून पडून होता, जुनी विंडोज परत टाकण्यासाठी. तनुजाने तो बबनरावांच्या कपाटातल्या एका छोट्या डिस्कवर उतरवून ठेवला, तेवढ्यानेच ती भरली, आणि मग मूळ तुकडा काढून टाकला. त्याची जागा आणि डीची मोकळी जागा शेजारीशेजारी होती. ती एकत्र करून तिला एक कुंपण घातलं. कुंपण एकच, म्हणून हिशेबात तुकडा एकच. त्याच्या आत मात्र हवे तेवढे वाफे पाडता येतात. तिथे लिनक्स बसलं.

घरी आल्यावर तनुजाने आईला हे सांगितलं.

"म्हंजी सातबाऱ्यावर एकच नाव, आन आत भावाभावात वाटणी," शकू म्हणाली. "त्यात काय एवढं? आमी तसंच तर खातोय."

कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड दोघींनी मिळून ठेवला. बबनराव कानावर हात ठेवून म्हणाले, "मला सांगू नका. उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको." त्यामुळे तो दोघींनाच माहीत होता.

पुढचे महिने कॅमेऱ्याला शिकवण्यात गेले. चरा कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्याला हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येक फोटोला सांगावं लागतं, हा चांगला, हा वाईट. ते तनुजाला येत नव्हतं. तिला सगळे पिस्टन सारखे दिसायचे. शिफ्ट सुटली की हर्षाली तिच्याशेजारी बसायची.

"ओके. ओके. रिजेक्ट. ओके. हा मोठा कर. अजून. हां, रिजेक्ट."

"कुठे आहे चरा?"

"इथं. केसासारखा. दिसत नाही का तुला? डॉक्टरला दाखव."

तनुजा बटण दाबायची. हर्षाली सांगायची. असं करत करत हर्षालीची नजर त्या डिस्कच्या शेवटच्या तुकड्यात साठत गेली. डी ड्राइव्हवर सगळ्या शिफ्टचे रिपोर्ट, कोणाकोणाची गाणी, गणपतीचे फोटो असायचे. तिथे कोणीही काहीही उडवायचं. म्हणून तनुजाने आपलं काम फक्त लिनक्समध्ये ठेवलं. बाहेर न्यायला परवानगी नव्हती. दुसरी प्रत नव्हती.

दिवाळी झाल्यावर एकदा स्कूटरवर, त्याच चौकात, हर्षालीने विचारलं, "हे झाल्यावर आमचं काय गं?"

तनुजाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. त्याच दिवशी तिने बबनरावांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "कोणी जात नाही गं. पॅकिंगला माणसं कमीच आहेत. तिकडे घेऊ." तनुजाने संध्याकाळी हर्षालीला सांगितलं. "मी विचारलंय. कोणी जात नाही."

"बरं," हर्षाली म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. शिकवायला मात्र रोज येऊन बसली.

मग चाचणीचा दिवस ठरला. ज्या कंपनीला हे पिस्टन जातात तिथली माणसं दुपारी येणार. त्यांच्यासमोर कॅमेरा चालला तर तनुजाचं नाव परमनंटसाठी वर जाणार. बबनरावांनी तसा शब्द दिला होता. चाकणमध्ये परमनंट या शब्दाचं वजन बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. ट्रेनी म्हणून माणसं तिशी गाठतात. कार्डाचा रंग बदलला की बँक बसायला खुर्ची देते, सोयरे चहाला थांबतात. तनुजाने तो रंग डोळ्यांसमोर धरून चार पावसाळे काढले होते.

त्या सकाळी हर्षाली स्कूटरवर आली नाही. "तू हो पुढं. मी बसनं येते," तिने खोलीतूनच सांगितलं. आदल्या संध्याकाळी ती ओव्हरटाइमला थांबली होती. थकली असेल असं तनुजाला वाटलं.

तनुजाने कॉम्प्युटर चालू केला. नेहमी दोन ओळी यायच्या, वर लिनक्स, खाली विंडोज. त्या आल्या नाहीत. काळा पडदा आला. वर कोपऱ्यात इंग्रजीत एवढंच, की असं पार्टिशन नाही. त्याखाली, सुटका करून घ्यायची असेल तर हुकूम द्या, अशा अर्थाचे दोन शब्द आणि लुकलुकणारी खूण.

तिने बंद करून चालू केला. तेच. लिनक्सही नाही, विंडोजही नाही.

बबनराव मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडदा वाचला. मग खुर्ची ओढून बसले.

"बाळा, हे काय?"

"बघते."

"दुपारी माणसं येतायत."

"माहीत आहे."

"मघाशी फोन आला होता. चिंचवडला एकाला घेऊन निघणार होते. निघाले पण असतील."

"बबनराव, तुम्ही पेनड्राइव्ह द्या आणि चहा पिऊन या."

पहिल्यांदा तिला वाटलं, केबल सुटली असेल. नव्हती. मग वाटलं, डिस्क गेली. यंत्राच्या सुरुवातीच्या पानावर डिस्क दिसत होती. मग सगळ्यात वाईट वाटलं ते असं की, आपणच चुकलो. कुंपण घालताना काहीतरी चुकलं आणि ते आज बाहेर आलं. चार वर्षांची ट्रेनी आणि तिला एक डिस्क वाटता आली नाही. असं कोणी म्हणणार, त्याआधी ती स्वतःच म्हणत होती.

पेनड्राइव्हवरून तिने लिनक्स चालू केलं. असं चालू केलेलं लिनक्स डिस्कला हात लावत नाही, नुसतं बाजूला उभं राहून बघतं. तिने डिस्कचा नकाशा उघडला.

सी जागेवर होता. डी जागेवर होता. आत रिपोर्ट होते, गाणी होती, गणपती होता. शेवटी कुंपणही होतं. कुंपणाच्या आत काही नव्हतं.

तिने डिस्कची तब्येत तपासली. जुनी होती, पण ठणठणीत. आणि मरणारी डिस्क अशी मरत नाही. ती आधी कुरकुरते, अडखळते, एखादी फाइल अर्धी देते, दुसरी देतच नाही. सगळीकडे घाण करून जाते. कुंपणाचा एक खांब न हलवता आतलं तेवढं उचलून नेत नाही. विंडोजसुद्धा म्हणूनच उठत नव्हतं. कुठलं चालू करायचं हे विचारणारा भाग तनुजाच्या तुकड्यात राहायचा. तो गेल्यावर विचारायला कोणी उरलं नव्हतं.

हे विंडोजमधून झालं होतं. मुख्य पासवर्ड टाकून आत जायचं. डिस्कच्या वाटण्या दाखवणारं पान उघडायचं. त्या तुकड्यावर जाऊन काढून टाका म्हणायचं. विंडोज विचारतं, नक्की? हो म्हणायचं. दुसरा छोटा तुकडा. पुन्हा नक्की? पुन्हा हो.

चुकून होण्यासारखं त्यात काही नव्हतं. पासवर्ड दोघींना माहीत होता.

तनुजाने दुसरे पर्याय शोधले. कोणी मागून बघितला असेल. रात्रपाळीचा कोणी. बाहेरचा तो माणूस. प्रत्येक वेळी ती त्या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबायची. नक्की? नक्की? ते वाचून, समजून, हो म्हणणारं माणूस या खोलीत एकच होतं. तनुजाला ते चांगलं माहीत होतं. त्या माणसाने तिचं मनगट धरलं होतं.

एक गोष्ट चांगली होती. पार्टिशन काढलं म्हणजे आतलं पुसलं जात नाही. फक्त नकाशावरून नाव जातं. त्या जागेवर नवं काही लिहिलं नसेल तर जुन्या खुणा सापडतात. पेनड्राइव्हवर त्या खुणा शोधणारं साधन होतं. तिने ते सुरू केलं. ते डिस्कच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश निघालं. तनुजा उठली.

तपासणीच्या टेबलावर हर्षाली तुकडे फिरवत होती. तनुजा समोर उभी राहिली. हर्षालीने मान वर केली नाही.

"पाणी प्यायला चल," तनुजा म्हणाली.

कूलरपाशी दोघी गेल्या. पाणी कोणी प्यायलं नाही.

"तू केलंस?"

"हो."

तनुजाला वाटलं होतं की ती नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

"विंडोज पण चालू होईना म्हणं?" हर्षाली म्हणाली. "ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, फक्त तुझं जाईल."

"फक्त माझं."

"तसं नाही म्हणायलेय मी."

"कसं म्हणतेयस मग?"

हर्षालीने ओढणीला हात पुसले. हात कोरडेच होते. "पिंटू आला होता परवा. कंत्राटदाराचा माणूस. टेबलावरच्या सगळ्यांना म्हणला, महिना भरला की घरी थांबा. कॅमेरा आलाय. मी म्हणलं, आम्हाला पॅकिंगला घेणारेत. तो हसायला लागला. म्हणला, पॅकिंगचं कोणी बोललंच नाही. बबनरावांनीच नावं दिलीत, दिवाळीच्या आधीच दिलीत."

"दिवाळीच्या आधी?"

"तू मला सांगितलंस ना कोणी जात नाही म्हणून. त्याच्याही आधी."

कूलरचं यंत्र घरघरत होतं. तनुजाला एकदम बबनरावांचा चष्मा आठवला. तो ते किती नीट पुसत होते.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"खरं?"

"खरं."

हर्षालीने तिच्याकडे बघितलं. तुकड्याकडे बघते तसं. हिरवी की लाल, ते तनुजाला कळलं नाही.

"मला बोलायचंस. परवाच बोलायचंस. घर एक, ताट एक."

"परवा जेवताना तू शकूकाकूला विचारत होतीस, पेढे इथून घ्यायचे का आळंदीहून. मी काय बोलू मधेच?" ती थोडं थांबली. "माझ्याच डोळ्यांनी शिकलंय ते, तनू. रोज बसून मीच शिकवलं. मला वाटलं, माझं मी काढून घेते."

"तुझं एकटीचं नव्हतं ते."

"तुझं एकटीचं पण नव्हतं."

सुपरवायझरने लांबून हर्षालीला हाक मारली. ती गेली. तनुजा कॉम्प्युटरपाशी परत आली.

खुणा शोधणाऱ्या त्या साधनाला खुणा सापडल्या होत्या. पडद्यावर दोन ओळी होत्या. लिनक्सचा मोठा तुकडा आणि छोटा. सुरुवात इथे, शेवट इथे. तनुजाने आत डोकावून बघितलं. फोटोंचे फोल्डर जसेच्या तसे होते. चांगले वेगळे, वाईट वेगळे. आता फक्त नकाशावर नाव परत लिहायचं होतं. एक बटण.

बबनराव चहाचा कागदी कप घेऊन आले. पडदा बघून त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं का? बोललो नव्हतो मी, बोराट्यांची पोरगी आहे."

"बबनराव, टेबलावरच्या मुलींना काढणार आहेत?"

"कोण म्हणालं?"

"पिंटू."

"पिंट्याचं काय मनावर घेतेस? तो जेवलो म्हणाला तरी मी ताट बघून येतो." त्यांनी कप ठेवला. तनुजा हसली नाही. मग त्यांनी दार लोटलं. "हे बघ, मी कोण ठरवणारा? वरून आलं. नावं मागितली, दिली. न देऊन जातो कुठे?"

"मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"तू काम सोडलं असतंस."

ते त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. बसची वेळ सांगावी तसं.

"मी तुझं नाव दिलंय ना वर?" ते म्हणाले. "ते खोटं नाही. तू तुझं बघ, बाळा. आणि आता खरं सांग. हे कोणी केलं? आपोआप होत नसतं हे, एवढं मलाही कळतं. नाव सांग. मी आज संध्याकाळी त्याला गेटबाहेर उभा करतो."

नाव तिच्या जिभेवर होतं. ते सांगण्यात एक सुख होतं, तेही तिला जाणवलं. या खोलीत सगळ्यांनी तिला फसवलं होतं. एकाने बाळा म्हणून, एकीने तनू म्हणून.

"डिस्क जुनी आहे," ती म्हणाली.

"बरं. पण ग्राहकासमोर जुनी बिनी म्हणू नकोस." ते गेले.

तनुजाने बटणाकडे बघितलं. तिला वाटलं होतं की आपण विचार करू. विचार आलाच नाही. तिला मुली दिसल्या नाहीत, कार्डाचा रंगही दिसला नाही. तिने बनवलेली एक गोष्ट कोणीतरी उडवली होती आणि ती परत येण्यासारखी होती, एवढंच होतं. पडद्यावरच्या त्या साधनाने विचारलं, नक्की? तिने वाचलं. हो म्हणाली. पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. दोन ओळी आल्या. वर लिनक्स, खाली विंडोज.

दुपारी माणसं आली. चाचणीत कॅमेऱ्यासमोर पिस्टन कोणीतरी ठेवायचा होता. बबनरावांनी हर्षालीला बोलावलं, कारण तिचा हात स्थिर. ती आली. एकेक पिस्टन ठेवू लागली. पाहुण्यांनी स्वतःच्या पिशवीतून खराब तुकडे आणले होते, ते तिने मधे मधे मिसळले. हिरवा दिवा. हिरवा. लाल. हिरवा. तनुजा तिच्या हातांकडे बघत होती. एखादा तुकडा किंचित तिरका ठेवला असता तर कॅमेरा चुकला असता, आणि कोणाला कळलंही नसतं. हर्षालीने एकही तिरका ठेवला नाही. केसासारखा चरा असलेला एक तुकडा आला. तो तिने ठेवण्याआधी क्षणभर बोटांत फिरवला. लाल दिवा लागला.

"बढिया," पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला. बबनरावांनी तनुजाच्या पाठीवर थाप मारली.

महिना तसाच गेला. हर्षाली बसने जायची. शकू दोन डबे भरतच राहिली. तनुजा दुसरा डबा टेबलावर ठेवून यायची. संध्याकाळी तो तिच्या स्कूटरला अडकवलेला असायचा, रिकामा आणि धुतलेला. जेवायला हर्षाली आता खोलीतच काहीतरी करायची. "तुमच्यात काय झालंय?" शकूने दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनी काही नाही म्हणून सांगितलं.

तनुजा परमनंट झाली. टेबल उचललं गेलं. बबनराव आजही तिला बाळा म्हणतात. ती ओ देते. त्यांनी काही सांगितलं की ती मान डोलावते आणि मग दुसरीकडे जाऊन खात्री करून येते. पासवर्ड तिने बदलला नाही. बदलायचा म्हटलं की हात थांबतो, आणि तो का थांबतो हे तिला कळत नाही.

हर्षालीला थेरगावात, डांगे चौकाजवळ, एका दुकानात काम मिळालं. मावसबहिणीकडे राहणार होती. टेम्पो आला त्या दिवशी तनुजा घरी होती. ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. हर्षाली गादी बांधत होती.

"एक विचारू?" हर्षाली म्हणाली.

"विचार."

"मी तुला आधी सांगितलं असतं, हे आमच्या पोटावर येतंय म्हणून. तू थांबली असतीस?"

तनुजाने खूप दिवस हा प्रश्न टाळला होता. हो म्हणणं सोपं होतं. हर्षालीलाही तेच ऐकायचं असावं. निदान जाताना.

"माहीत नाही," तनुजा म्हणाली. मग म्हणाली, "नाही. बहुतेक नाही."

हर्षालीने गाठ ओढली. "मला वाटलंच होतं."

"आणि उडवलेलं मला परत आणता येतं हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं की. तुला येतं ते. मला वाटलं, तू आणणार नाहीस."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. खोलीत आता फक्त लोखंडी कपाट उरलं होतं, हर्षालीने पहिल्या बोनसमधून घेतलेलं. टेम्पोवाला म्हणाला, मी उचलत नाही, माझी पाठ गेलीय. घरात दुसरं कोणी नव्हतं. तनुजाने खालचं टोक धरलं, हर्षालीने वरचं. दार अरुंद होतं.

"जरा डावीकडे," हर्षाली म्हणाली.

"तुझ्या डावीकडे का माझ्या?"

"तुझ्या. हां. आता सरळ. सावकाश."

कपाट बाहेर आलं. त्यांनी ते टेम्पोत चढवलं. तनुजाने दोरी दिली, हर्षालीने बांधली आणि पुढे चालकाशेजारी जाऊन बसली. शकू देवळातून परत येईपर्यंत टेम्पो हायवेला लागला होता.

"गेली व्हय?" शकूने विचारलं. "मला न सांगता?"

तनुजाने मान हलवली. शकूने रिकाम्या खोलीत डोकावून बघितलं, दिवा बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाली, "आता या दोन नंबरला बघावं लागंल कुणीतरी."